आवाज नेमका कधी संपला?

‘मी मुलांबरोबर तत्त्वज्ञान करते’ असं सांगितलं की समोरच्या माणसाचे दोनच चेहरे होतात. पहिला म्हणतो, ‘अगं, एवढ्याशा पोरांना कशाला ते जडजड?’ दुसरा खुलतो आणि म्हणतो, ‘वा! म्हणजे संस्कार वर्ग का?’ पहिल्याला समजावता येतं. दुसऱ्याचं कठीण, कारण तो आपल्याच बाजूचा आहे असं त्याला वाटत असतं. आमच्या वर्गात खरं बोलावं असं कोणी शिकवत नाही. पण मैत्रिणीचं बिघडलेलं चित्र ‘छान’ म्हणणं हे खोटं बोलणं आहे का, यावर तासभर घमासान होतं आणि निकाल न लागताच सगळे घरी जातात.

मी मूळची चित्रकला शिक्षिका. तत्त्वज्ञानाची पदवी वगैरे काही नाही. या भानगडीत पडले तीही चित्रांमुळेच. चित्र काढताना मुलांचे हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं, त्यामुळे एरवी समोरासमोर बसवून विचारलं तर येणार नाही असं बरंच काही बाहेर पडतं. एक मुलगी रानाचं चित्र काढत होती. पुढचं झाड रंगवून झाल्यावर तिने विचारलं, ‘ताई, याच्या मागे अजून एक झाड आहे. पण ते ह्या झाडाने पूर्ण झाकलंय. मग ते माझ्या चित्रात आहे की नाही?’ शेजारचा पटकन म्हणाला, ‘कागदावर नाही म्हणजे नाही.’ तिने त्याच्या चित्राकडे पाहिलं. ‘मग तुझ्या घराला मागची भिंतच नाही. पाऊस आत येईल.’ रंग वाळेपर्यंत दोघांचं हेच चालू. मागून तिसरी, चौथा, असे सगळेच त्यात उतरले. मग मी पाण्याचे डबे बाजूला सारले, सगळ्यांना गोल बसवलं, आणि तेव्हापासून आठवड्याचा एक तास त्या गोलाचाच झाला. मुलं साधारण सात ते अकरा वर्षांची. त्यांची नावं इथे लिहीत नाही, ती त्यांची त्यांना राहू देत.

कल्पना अर्थातच माझी नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवणाऱ्या मॅथ्यू लिपमन यांच्या मनाने घेतलं की विद्यार्थी आपल्यापर्यंत येतात तोवर विचार करायला शिकवायला उशीर झालेला असतो. त्यांनी शाळकरी मुलांसाठी एक छोटी कादंबरी लिहिली. तिच्यातली मुलं आपापसांत बोलता बोलता तर्काचे नियम शोधून काढतात. १९७४मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर इथे त्यांनी यासाठी एक संस्थाच काढली, आणि अ‍ॅन मार्गारेट शार्प यांच्यासोबत पुढची कैक वर्षं हे काम वाढवलं. आज वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी ते चालतं. एखादी गोष्ट, चित्र किंवा वस्तू समोर ठेवायची. प्रश्न मुलांनी काढायचे, ते ज्याच्या-त्याच्या नावासह फळ्यावर लिहायचे, मतदानाने एक निवडायचा आणि त्याच्या मागे लागायचं. मोठ्या माणसाने उत्तर द्यायचं नाही. एवढंच. वाचायला सोपं वाटतं, पण ते शेवटचं वाक्य भल्याभल्यांना झेपत नाही.

‘या वयात त्यांना अमूर्त विचार जमतो का?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेंचं नाव घेऊन येतो. अकरा-बारा वर्षांच्या आधी मुलं मूर्त गोष्टींना धरूनच विचार करतात, असं पियाजेंचं म्हणणं. त्याला अमेरिकन तत्त्वज्ञ गॅरेथ मॅथ्यूज यांनी १९८०मध्ये चांगलंच आव्हान दिलं, तेही प्रयोगशाळेत न जाता, मुलं सहज काय बोलतात ते नोंदवून. त्यांनी सांगितलेला एक मुलगा माझा लाडका आहे. सहा वर्षांचा हा पोरगा भांडं चाटण्यात दंग होता आणि चाटता चाटता त्याने वडिलांना विचारलं की हे सगळं स्वप्न नाही हे आपल्याला कशावरून कळतं? वडील भले गृहस्थ. त्यांनी मला माहीत नाही असं सांगून त्यालाच उलट विचारलं. पोराचं उत्तर असं की सगळंच स्वप्न नसणार, कारण स्वप्नात लोक ‘हे स्वप्न आहे का’ असं विचारत हिंडत नाहीत. आता या उत्तराला भोक पाडता येतं (मला तर स्वप्नात हा प्रश्न पडलेला आहे), पण भोक पाडता येतं याचाच अर्थ तो युक्तिवाद आहे.

आणि आपला नचिकेत आहेच. कठोपनिषदात तो यमाच्या दारात जाऊन बसतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्याच्या आधीचा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. बाप यज्ञात सर्वस्व दान करायला निघालाय आणि गाई देतोय त्या थकलेल्या, आटलेल्या. पोरगा विचारतो, ‘बाबा, मला कोणाला देणार?’ एकदा विचारतो, दोनदा विचारतो. तिसऱ्यांदा बाप भडकतो आणि ‘तुला मृत्यूला दिलं’ म्हणून मोकळा होतो. पुढे यमसुद्धा काय करतो? आधी म्हणतो, मेल्यावर माणसाचं काय होतं हे सोडून दुसरं काहीही माग. हत्ती-घोडे घे, सोनं घे, दीर्घायुष्य घे. अडचणीच्या प्रश्नावर मोठ्यांचे दोन जुने उपाय इथे एकाच कथेत आलेत: खेकसणं आणि खेळणं हातात देणं.

असो. मला आज लिहायचं होतं ते चर्चा, चित्र आणि शांत बसणं या तिघांच्या नात्याबद्दल. अलीकडे हे तिन्ही एकत्र करण्याची चाल आहे आणि ती चांगली आहे. पण बऱ्याच ठिकाणी त्याचं वेळापत्रक होतं. पाच मिनिटं डोळे मिटून श्वास, मग पंचवीस मिनिटं चर्चा, मग उरलेल्या वेळात ‘आता याच्यावर एक छानसं चित्र काढा’. यात शांतता होते प्रार्थनेच्या जागी आणि चित्र होतं घंटा होईपर्यंतचा वेळ घालवायला. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. आमच्याकडे हा संबंध कसा जुळतो ते एका तासावरून सांगते.

माझ्याकडे एक पितळी वाडगा आहे. लाकडी दांडीने टोला दिला की बराच वेळ घुमतो. सजगतेच्या, म्हणजे माइंडफुलनेसच्या, सरावांमध्ये हे अगदी पहिल्या पायरीचं समजलं जातं: आवाज ऐकत राहा, तो पूर्ण विरला असं वाटलं की हात वर करा. डोळे मिटायची सक्ती नाही. मी टोला दिला. खोली चिडीचूप. पहिला हात वर गेला तो माझा. मग एक, मग तीन-चार एकदम, मग शांतता, मग अजून एक. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी मात्र हात खालीच ठेवून बसली होती, सगळे तिच्याकडे बघायला लागले तरी. शेवटी तिने हात वर केला, तोही सावकाश, जरा नाइलाजानेच.

‘खोटं! एवढा वेळ नव्हताच आवाज.’

‘होता. तू हात वर करताना तुझी चटई खरखरली म्हणून तुला नाही आला.’

आता सजगतेचा वर्ग असता तर इथे ‘बरं, आता एक खोल श्वास घ्या’ झालं असतं. मी फळ्यावर लिहिलं: आवाज नेमका कधी संपला?

पहिलं मत सोपं होतं. ज्याचा हात जेव्हा वर गेला तेव्हा त्याचा आवाज संपला, म्हणजे जितकी मुलं तितके आवाज. त्यावर चश्मेवाला एक मुलगा, जो सहसा कोणाशी सहमत होत नाही, म्हणाला, ‘टोला एकच दिला ना? मग आवाज बारा कसे होतील? वाडगा एक, टोला एक, आवाज एक. आपले कान बारा.’ हे जवळजवळ सगळ्यांना पटलं. मग त्या एका आवाजाचा शेवट कोणी ठरवायचा? सगळ्यात शेवटी ज्याला ऐकू आला त्याने, असं ठरत आलं होतं. म्हणजे खिडकीजवळच्या मुलीने. पण तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं की पंखा चालू आहे. पंखा बंद केला, पुन्हा टोला दिला. या वेळी सगळेच हात आधीपेक्षा उशिरा वर गेले.

‘म्हणजे मघाशी आवाज संपला नव्हता. पंख्याने तो झाकला होता.’

‘झाडामागच्या झाडासारखा,’ ती रानवाली म्हणाली. मी हे लिहितानाही मला मजा वाटतेय, कारण ते झाड मी विसरले होते, ती नव्हती.

मग कुत्र्याचा मुद्दा आला, तो येतोच. कुत्र्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं, मग कुत्र्याने हात वर करेपर्यंत थांबायचं का? एकाने मला विचारलं की विज्ञान काय म्हणतं. माहितीचा प्रश्न असेल तर मी माहिती देते, उगाच गूढ राहत नाही. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्यांना त्याच्या बरेच वरचेही येतात, आणि वय वाढलं की माणसाची वरची मर्यादा खाली येत जाते. शेवटची माहिती दिली आणि पस्तावायची वेळ आली. एक मुलगी लगेच म्हणाली, ‘म्हणूनच तुमचा हात पहिला वर गेला! मग आवाज संपला की नाही हे तुम्ही कसं काय ठरवणार?’ मी म्हटलं, मी कुठे ठरवतेय? त्यावर ती म्हणाली, ‘पण वाडगा तुमच्याकडे आहे.’ सत्ता आणि ज्ञान यांच्यावर लोक प्रबंध लिहितात. मी वाडगा उचलून गोलाच्या मध्यभागी ठेवला.

त्याने एक अनपेक्षित गोष्ट झाली. वाडगा हाताशी आल्यावर एकाने आवाज ‘संपल्यावर’ त्याच्या कडेला हळूच बोट टेकवलं आणि ओरडला, ‘अजून हलतोय!’ मग सगळ्यांनाच बोट लावायचं होतं. बोटाला थरथर लागते, कानाला काही येत नाही. आता ही थरथर म्हणजे आवाज का? ‘आवाजच, फक्त बोटाने ऐकायचा’ असं काहींचं म्हणणं. ‘ऐकू येत नाही त्याला आवाज म्हणायचं तर मग सगळ्यालाच म्हणा’ असं काहींचं. आणि मग त्या दिवसाचं सगळ्यात तिखट वाक्य आलं, तेही इतका वेळ एक अक्षर न बोललेल्या मुलाकडून. तो म्हणाला, ‘बोट लावलं की तो थांबतो. मी दोनदा करून बघितलं. म्हणजे तो स्वतःहून कधी थांबला असता ते बोट लावून कळणारच नाही.’

यावर कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. काही बोलण्यासारखं माझ्याकडे खरोखरच नव्हतं.

इथे मी कागद वाटले. आज्ञा एकच: संपणारा आवाज काढा. वाडगा नाही, आवाज. बहुतेकांनी जाड सुरू होऊन बारीक होत जाणारी रेघ काढली आणि प्रत्येकजण एकाच जागी अडला, पेन्सिल उचलायची कुठे? मी एकेकाच्या मागे उभी राहून पाहत होते. एका मुलाने रेघ कागदाच्या कडेपर्यंत नेली आणि पेन्सिल कागदाबाहेर, टेबलाच्या वर हवेत तशीच सरळ पुढे नेली. ‘कागद संपला. आवाज नाही,’ म्हणाला. दुसरीने रेघेऐवजी ठिपके काढले होते, दूरदूर होत गेलेले. शेवटचा ठिपका कोणता, असं मी विचारलं तर म्हणाली, ‘पुढचा पानामागे आहे.’ चश्मेवाल्याने चक्क एक उभी रेघ मारली: इकडे आवाज, तिकडे नाही. त्याला तो प्रश्न तिथेच मिटवायचा होता. मग पाच मिनिटं तो त्या रेघेकडे बघत बसला, आणि खोडरबर घेऊन तिची उजवी कड हलकेच पुसू लागला. तोंडाने हार न मानणारा माणूस हाताने विचार बदलत होता.

चित्राची जागा मला इथे दिसते. चर्चेत मुलं आपापल्या मताला चिकटतात, कारण मत बदललं तर सगळ्यांदेखत बदलावं लागतं. कागदावर ते कोणाला न सांगता बदलता येतं. म्हणून आमच्याकडे चित्र हे चर्चेचं सजवलेलं इतिवृत्त नसतं. बरेचदा चित्रानंतर पुन्हा चर्चा होते, आणि चर्चेनंतर पहिल्या चित्रावर बटर पेपर ठेवून त्यावर दुसरं. खालचं दिसत राहतं, वरचं बदलतं. काल मला काय वाटत होतं आणि आज काय वाटतंय, हे एकावर एक ठेवून बघता येतं. काही मुलं वरच्या कागदावर काहीच काढत नाहीत. तेही चालतं, पण ‘का बदललं नाहीस’ हे सांगावं लागतं.

दोन वाक्यं मी वर्गात वापरत नाही. ‘छान!’ आणि ‘हे काय काढलंयस?’ पहिल्याने मूल माझ्याकडे बघून चित्र काढायला लागतं. दुसऱ्याने त्याला वाटतं की ओळखू न येणारं चित्र हे चुकलेलं चित्र. त्याऐवजी ‘सुरुवात कुठून केलीस?’ किंवा ‘इथे बराच वेळ थांबली होतीस, काय चाललं होतं?’ असं विचारलं की मुलं सांगत सुटतात. इतरांची चित्रंही कामाला येतात. रने माग्रितचं १९२९चं ते प्रसिद्ध चित्र एकदा दाखवलं होतं, हुबेहूब पाइप आणि खाली फ्रेंचमध्ये ‘ही पाइप नाही’. निम्म्या मुलांनी चित्रकाराला खोटारडा ठरवलं. एकजण म्हणाला, ‘ओढून दाखवा मग.’ इतकं मुद्देसूद उत्तर मला स्वतःला सुचलं नसतं.

चर्चेबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. यात सगळी उत्तरं बरोबर नसतात. हा समज कुठून आलाय कोण जाणे. ‘ज्याचं त्याचं मत’ हे वाक्य मुलं फार लवकर शिकतात, मोठ्यांकडूनच, आणि चर्चा अंगाशी आली की ते ढालीसारखं पुढे करतात. माझ्या मते तो वैचारिक आळस आहे. मत ज्याचं त्याचं असेलही, कारण मात्र सगळ्यांसमोर ठेवायचं, आणि कारण कच्चं असू शकतं. आवाज बारा आहेत हे मत पडलं, ते कोणी आवाज चढवला म्हणून पडलेलं नाही. चश्मेवाल्याने दाखवलं की त्यातून विचित्र गोष्ट निघते, म्हणून पडलं. माझं काम तेवढंच असतं: ‘का?’, ‘एखादं उदाहरण?’, ‘नेहमीच का?’, ‘तू आणि ती एकच म्हणताय की वेगळं?’ हे चार-पाच प्रश्न आलटून पालटून विचारणं आणि कोणी काय म्हणालं ते विसरू न देणं. बोलायचं नसेल तर ‘पास’ म्हणायची सोय सगळ्यांना आहे. न बोलणारी मुलं कमी विचार करतात असं मुळीच नाही, बोटवाल्या मुलाचं वर सांगितलंच.

आणि थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली होती, १९७०च्या दशकातली गोष्ट. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती वेळ वाट बघतात? जेमतेम एक सेकंद. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी बोलू लागतात आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारायला लागतात. तीन सेकंद! करून बघा. दुसऱ्या सेकंदालाच जिभेला खाज सुटते. मुलांना शांत बसायला शिकवणाऱ्या आम्हा मोठ्यांना सजगतेची सगळ्यात जास्त गरज नेमकी याच तीन सेकंदांत असते.

सजगतेचा विषय निघालाच आहे तर माझी तक्रारही मांडते. शांत बसणं हे मुलांना गप्प करायचं हत्यार झालेलं मी फार ठिकाणी पाहिलंय. दंगा झाला की ‘चला, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या.’ म्हणजे शिक्षाच, फक्त अगरबत्तीसारखा वास असलेली. अशाने मूल दोन गोष्टी शिकतं: शांतता म्हणजे दटावणी, आणि मला जे आत्ता वाटत होतं ते इथे नको आहे. एका शिबिरात तर वर्गात अन्याय झाला म्हणून तावातावाने बोलणाऱ्या मुलीला आयोजकांनी ‘राग ढगासारखा जाऊ दे’ असं सांगितलेलं मी ऐकलंय. अगं, पण अन्याय झाला होता की नाही ते आधी बघा ना! राग कधी कधी एखाद्या चांगल्या प्रश्नाचा पहिला मसुदा असतो. त्या मुलीच्या डोक्यात ‘सगळ्यांना सारखं देणं म्हणजे न्याय का’ हा प्रश्न तयार उभा होता आणि त्याला ढगावर बसवून रवाना केलं.

आकडेही जरा सबुरीने घ्यायला सांगतात. ब्रिटनमध्ये ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर सजगतेच्या शालेय कार्यक्रमाची मोठी चाचणी झाली, निकाल २०२२मध्ये आले. शाळांमध्ये आधीपासून जे भावनिक-सामाजिक शिक्षण चालतं त्यापेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही जास्तीची सुधारणा दिसली नाही. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नव्हता, आणि मला त्यांचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गांचीही तीच कथा. २०१५ साली इंग्लंडमध्ये एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन या संस्थेच्या ४८ शाळांतल्या चाचणीनंतर जाहीर झालं की अशा चर्चांमुळे मुलं वाचन-गणितात साधारण दोन महिन्यांनी पुढे गेली. केवढा गाजावाजा झाला! मग त्याच संस्थेने १९८ शाळांत मोठी चाचणी घेतली आणि २०२१मध्ये सांगितलं की गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. शिक्षकांना मात्र मुलं जास्त आत्मविश्वासाने बोलू-ऐकू लागल्यासारखं वाटत होतं. तेव्हा गणिताचे मार्क वाढावेत म्हणून कोणी मुलाला माझ्याकडे पाठवत असेल तर त्याने सरळ गणिताची शिकवणी लावावी. वाडग्याच्या तासातून गणितात काय उतरलं मला माहीत नाही आणि मी ते मोजायलाही जाणार नाही.

एक ठिकाण असं आहे जिथे मी पाऊल जपून टाकते. ‘गेलेल्या माणसाचा वाढदिवस अजूनही असतो का?’ असा प्रश्न एकदा फळ्यावर आला. उत्कृष्ट प्रश्न. काळ, व्यक्ती, आठवण, सगळं त्यात आहे. पण ज्याने तो विचारला त्याचे डोळे वेगळं सांगत होते. मी प्रश्न पुसला नाही. मतदानात तो निवडून आला, चर्चाही झाली, पण ‘तुला हे का सुचलं’ असं मी त्याला सगळ्यांत विचारलं नाही, आणि मधेच तो उठून रंगांचे डबे लावायला गेला तर जाऊ दिलं. आमचा गोल म्हणजे समुपदेशन नाही. तास झाल्यावर त्याच्या आईशी बोलले, वर्गात तो काय बोलला ते न सांगता. डोळे मिटून बसण्याचंही असंच. काही मुलांना डोळे मिटले की भीती वाटते, आतलं काहीतरी वर येतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून खिडकीबाहेर बघावं, पेन्सिलीला टोक काढावं. टोक काढताना सालपट न तुटता किती लांब जातं याच्याइतकी सजगता मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

घरून मला येणारी मुख्य तक्रार ही की पोरं फार वाद घालायला लागलीत. एक वडील मागे फारच वैतागून आले. ‘आधी झोप म्हटलं की झोपायची. आता म्हणते, का? कारण सांगितलं की म्हणते, नेहमीच का?’ मी मनात म्हटलं, शाबास, आणि तोंडाने म्हटलं, बघते. पुढच्या तासाला त्यांच्या मुलीचं नाव न घेता मी गोलात विचारलं की खोटा ‘का’ असतो का? बराच काथ्याकूट झाला. आधी सगळे म्हणाले, प्रश्न कधी खोटा नसतो, खोटं फक्त वाक्य असू शकतं. मग एकाने कबुली दिली की गृहपाठ टाळायला तो ‘का’ विचारतो, तेव्हा उत्तराकडे त्याचं लक्षच नसतं. मग उत्तर ऐकायची तयारी नसेल तर तो ‘का’ खोटा, इथवर गाडी आली. त्यावर त्या मुलीनेच शंका काढली, ‘पण टाळायला म्हणून विचारलं आणि उत्तर आवडलं तर?’ तिथे घंटा झाली.

ते वडील परवा भेटले. रात्री तिने पुन्हा ‘का’ काढला तेव्हा त्यांनी तिलाच विचारलं म्हणे, ‘बाई, तुझा हा का खरा आहे की खोटा?’ तिने जरा विचार केला आणि म्हणाली, ‘अर्धा.’ मग त्यांनी अर्धंच उत्तर दिलं आणि दिवा घालवला.